पड, कुरण आणि काश : झाशी परिसरातील तृणभूमीचा विचार

इ.स. १८५८च्या मार्चमध्ये ह्यू रोजची फौज झाशीसमोर आली तेव्हा भोवतालच्या मुलखातील गवत व वैरण आधीच नाहीशी केलेली होती. शत्रूच्या जनावरांना काडीही मिळू नये, हा राणीचा हिशेब होता. शिंदे आणि ओरछा या दरबारांनी पुरवठा केल्यामुळे तो फसला. लक्ष्मीबाईंविषयीच्या मराठी लेखनात बुरुजांना आणि घोड्याला जे स्थान लाभले, ते गवताला लाभलेले नाही.

वास्तविक या विषयातील मराठीची शब्दसंपत्ती मोठी नेमकी आहे. नांगरट थांबलेली जमीन ती पड. गावाच्या गुरांसाठी सामाईक ठेवलेले ते गायरान. गवतासाठी राखलेले ते कुरण. कुरण राखावे लागते, पड नुसती पडते. ('चराऊ कुरण' हा शब्दप्रयोग आज वृत्तपत्रांत भ्रष्टाचाराला पर्याय म्हणून येतो, ही त्या शब्दाची अधोगतीच.) प्रशासनाच्या भाषेत मात्र हे सारे पुष्कळदा 'पडीक' या एका सदरात जाते, आणि पडीक म्हटले की तेथे झाडे लावावीत हे ओघानेच येते. १९८५ साली राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झाले, त्यामागेही हीच धारणा प्रबळ होती.

पड आपोआप कुरण होत नाही. नांगराने बहुवर्षायु गवतांची ठोंबे उखडली जातात, आणि त्यांचे बी मातीत फार काळ जिवंत राहत नाही. म्हणून शेत सोडल्यावर प्रथम येतात ती वर्षायु तणे व गुरांनी टाळलेली हलकी गवते. जवळपास जुने गवत असेल तर पुढे कुसळी येते. तिचे कुसळ ओलाव्याने पीळ सोडते, वाळले की पुन्हा वळते आणि बी जमिनीत रुतवते. शेडा आणि मारवेल यांचा क्रम त्यानंतरचा. चराई अनावर झाली की हाच क्रम उलटा फिरतो. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतीय तृणाच्छादनावरील आपल्या १९७३च्या ग्रंथात देशातील गवतांचे जे पाच वर्ग पाडले, त्यांतील मध्य भारत व दख्खन व्यापणाऱ्या वर्गाला शेडा-मारवेल यांचेच नाव आहे. झाशी आणि महाराष्ट्राचा माळ असे एका कुळातले ठरतात.

काशाची गोष्ट निराळी. 'ऋतुसंहारा'त काशफुले ही शरदाची वस्त्रे आहेत. बुंदेलखंडाच्या शेतकऱ्याला मात्र 'कांस' म्हणजे अरिष्ट. एकोणिसाव्या शतकात काळ्या जमिनीत तो पसरला आणि त्याची खोल मुळे नांगराला आवरेनात, तेव्हा शेते सोडून द्यावी लागली. ती जमीन गवताने झाकली गेली खरी, पण तिला कोणी कुरण म्हटले नसते. एकाच गवताचे राज्य म्हणजे कुरण नव्हे.

झाशीला १९६२ साली स्थापन झालेल्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेच्या कार्याकडे पाहताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. उत्तम जातीचे गवत, जोडीला स्टायलोसारखी मूळची परदेशी शेंगवर्गीय वनस्पती आणि मधे सुबाभूळ, ही रचना भुकेल्या गुरांसाठी योग्यच आहे. परंतु ते चाऱ्याचे पीक होय. विविध वनस्पतींचे जुने कुरण परत हवे असेल, तर शेजारच्या टिकून राहिलेल्या माळावरचे गवत बी पिकल्यावर कापून पावसाच्या तोंडी पडीवर पसरावे लागते, आरंभी गुरे आवरावी लागतात, पुढे मात्र कापणी व बेताची चराई चालू ठेवावी लागते. अजिबात न चारलेल्या गवतात झुडपे माजतात. गवतांबरोबर लहान फुलझाडे व रानशेंगाही यायला हव्यात. खताचा अंश उरलेल्या जमिनीत त्या तणांपुढे टिकत नाहीत, म्हणून काम संथ होते.

झाशीपासून जवळच, मध्य प्रदेशात, करेरा आहे. १९८१ साली तेथे माळढोकासाठी अभयारण्य झाले. त्याच्या हद्दीत गावांची खाजगी शेते होती. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर निर्बंध आले आणि ज्या पक्ष्यासाठी हे सारे केले, तोच गावकऱ्यांच्या रोषाचा विषय झाला. गवत कोणी राखायचे आणि त्याचा मोबदला राखणाऱ्याला कसा मिळायचा, हे मात्र ठरलेच नाही. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धानंतर करेऱ्यात माळढोक दिसला नाही.