'डार्कलिंग' शब्दाचा अर्थ

इंग्रजी काव्यांत 'डार्कलिंग' शब्द आढळला कीं, अखेरचें 'इंग' पाहून पुष्कळ विद्यार्थी 'अंधारूं लागलेला' असा अर्थ करितात. डॉक्टर जॉन्सन यांनीं १७५५ च्या कोशांत अर्थ बरोबर दिला, परंतु शब्द धातुसाधित मानिला. वस्तुतः 'डार्क' यास जुना क्रियाविशेषण-प्रत्यय लागून 'अंधारांत' हा अर्थ झाला आहे. धाकट्या डहाणूचा नाखवा पहांटेपूर्वीं दिव्यावांचून होडी लोटील, तर तो 'डार्कलिंग' निघाला असें आम्ही म्हणूं. दृष्टि गेल्यावर मिल्टननें रचिलेल्या 'पॅरडाइज लॉस्ट' (१६६७) काव्यांत हा शब्द काळोखांत गाणाऱ्या पक्ष्याविषयीं आहे. तेथें 'अंधारूं लागलेला पक्षी' असें भाषांतर केल्यास अंध कवीचें हृद्गतच हरपतें. विद्यार्थ्यांनो, शब्दाच्या शेपटावरून अर्थ ठरवूं नका. वाक्य पूर्ण वाचा.