संशोधनाला गुण किती?



आपला जालना जिल्हा बियाण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पेरणीच्या दिवसांत अंबडचा किंवा भोकरदनचा शेतकरी दुकानात जाण्याआधी शेजाऱ्याला विचारतो, "गेल्या साली कोणतं वाण पेरलं होतं?" ज्या वाणाचे नाव पुष्कळांच्या तोंडी असते ते त्याला भरवशाचे वाटते. शास्त्रज्ञांच्या कामाची किंमतही आज बरीचशी अशाच रीतीने ठरवतात. ही रीत कोणती व ती कोठे फसते, हे मेंदूविज्ञानातील एका उदाहरणावरून पाहू.

शास्त्रज्ञ आपले निष्कर्ष शोधनिबंधाच्या रूपाने नियतकालिकात छापतो. ज्या जुन्या निबंधांचा त्याने आधार घेतला, त्यांची यादी तो शेवटी देतो. अशा यादीत एखादा निबंध आला की त्याच्या खाती एक 'उल्लेख' जमा होतो. हे उल्लेख शोधून देणारी विज्ञानविषयक सूची अमेरिकेत यूजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केली.

आता आपले उदाहरण. डॉ. नोशीर वाडिया (1925–2016) हे मुंबईचे नामवंत मेंदूविकारतज्ज्ञ. त्यांनी व डॉ. स्वामी यांनी 1971 मध्ये लंडनच्या 'ब्रेन' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यात नऊ कुटुंबांची हकिकत होती. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या एक आजार चालत आला होता. रुग्णाचा तोल जाई, चाल अडखळे. परंतु वाडियांच्या नजरेने आणखी एक गोष्ट टिपली, ती म्हणजे रुग्णांचे डोळे फार सावकाश वळत.

तुम्ही वाचता तेव्हा डोळे ओळीवरून सरकत नाहीत, उड्या मारतात. निरोगी डोळ्याच्या मोठ्या उडीचा वेग सेकंदाला काहीशे अंश असतो! या रुग्णांत ती उडीच मंदावलेली होती. हा आनुवंशिक आजाराचा एक वेगळा प्रकार आहे, असे वाडियांनी मांडले.

पुढे 1996 मध्ये तीन संशोधकगटांनी बाराव्या गुणसूत्रावर अशाच एका आजाराचे जनुक शोधून काढले. त्या जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हापुन्हा येतो. बहुतेक माणसांत तो सुमारे 22 वेळा असतो, रुग्णांत 33 किंवा त्याहून अधिक वेळा. 1998 मध्ये वाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ब्रेन'मध्येच सहा भारतीय घराण्यांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली आणि निदानासाठी डोळ्यांची ती मंद उडी किती महत्त्वाची आहे हे दाखवले. डोळ्यांनी टिपलेल्या खुणेला जनुकाचा दाखला मिळण्यास 27 वर्षे लागली. या आजारावर लिहिणारे आजही 1971 च्या त्या निबंधाचा उल्लेख करतात.

नियतकालिकाचा प्रभाव मोजण्याचा जो आकडा सर्वाधिक प्रचारात आहे, त्यात मात्र फक्त मागील दोन वर्षांतील निबंधांना मिळालेले उल्लेख धरतात. म्हणजे 27 वर्षांनी आलेले फळ या मापात बसतच नाही.

व्यक्तीसाठीही एक माप आहे. भौतिकीतज्ज्ञ होर्हे हिर्श यांनी 2005 मध्ये 'एच निर्देशांक' सुचवला. समजा, अ या शास्त्रज्ञाच्या पाच निबंधांना 50, 8, 4, 3 व 1 असे उल्लेख मिळाले. निदान 3 उल्लेख असलेले 3 निबंध त्याच्याजवळ आहेत, पण निदान 4 उल्लेख असलेले 4 निबंध नाहीत. म्हणून त्याचा एच 3. ब याचे चारच निबंध आहेत व प्रत्येकाला 4 उल्लेख आहेत. त्याचा एच 4. एकूण उल्लेख पाहिले तर अ चे 66 आणि ब चे 16, तरीही ब वरचढ ठरला! अ च्या पहिल्या निबंधाला 50 ऐवजी 500 उल्लेख मिळाले, तरी त्याचा एच 3 च राहील.

शिवाय उल्लेख म्हणजे नेहमी शाबासकी नव्हे. "ते वाण घेऊ नका, उगवलंच नाही," असे सांगतानाही वाणाचे नाव घ्यावेच लागते. चुकीचा निबंध खोडून काढणाराही त्याचा उल्लेख करतो. ज्या विषयात संशोधक थोडे, तेथे उत्तम कामालाही उल्लेख थोडेच मिळतात.

मग हे आकडे टाकाऊ आहेत का? नाही. एखादे काम किती जणांच्या उपयोगी पडले, हे ते सांगतात. ते काम खरे आहे का, खोल आहे का, हे कळण्यासाठी निबंधच उघडून वाचावा लागतो. बाजारात नाव झालेले बियाणेही जाणता शेतकरी आधी ओल्या गोणपाटात उगवून पाहतो, मगच पेरतो.

करून पाहा : (1) मित्राला पुस्तक वाचायला सांगा व समोरून त्याच्या डोळ्यांच्या उड्या पाहा. (2) एका संशोधकाच्या सहा निबंधांना 12, 9, 6, 5, 5 व 2 उल्लेख आहेत. त्याचा एच निर्देशांक किती? (उत्तर : 5)