चाळींतील वाचणारे व ऐकणारे

एकोणिसाव्या शतकांत मुंबई-पुण्याचे गरीब लोक काय वाचीत, असें विचारलें तर पुष्कळजण म्हणतील, ‘ज्यांस अक्षरच येत नव्हतें ते काय वाचणार?’ परंतु त्या काळीं गरिबाचें वाचणें म्हणजे बहुधा ऐकणें होय. गिरणीच्या चाळींत एखाद्यासच वाचतां येई. तो दिव्याजवळ बसे, बाकीचे त्याच्या भोंवतीं. इंग्लंडांतहि १८३७ सालीं निघालेलें ‘नॉर्दर्न स्टार’ पत्र कामकरी लोक असेंच मोठ्यानें वाचवून घेत.

ऐकावयाचें काय? प्रथम पोथ्या. श्रीधरकवीचे ‘हरिविजय’ व ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ श्रावणांत लावीत. हातानें उतरलेली पोथी गरिबास कोठची? शिळाछाप आल्यावर मुंबईस गणपत कृष्णाजी ह्यांच्यासारख्या छापखानदारांनीं ती स्वस्त केली. त्या छापाचें अक्षर हातच्या अक्षरासारखेंच ठळक. मंद दिव्यांतहि वाचतां येई.

मग वर्तमानपत्रें आलीं. जोतीराव फुले ह्यांनीं १८५५ सालीं पुण्यास रात्रीची शाळा काढली, ती दिवसा राबणाऱ्यांसाठीं. १८७७ सालीं कृष्णराव भालेकर ह्यांनीं ‘दीनबंधु’ सुरू केलें. १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं तें मुंबईंत चालविलें. लोखंडे स्वतः गिरणींत नोकरीस होते. रविवारची सुटी हवी, ही मागणी त्यांनीं १८८४ पासून लावून धरली व १८९० सालीं ती मुंबईच्या गिरणीमालकांनीं मान्य केली.

परंतु ऐकणाऱ्यास एक भय असतें. वाचणारा मधेंच आपल्या पदरचें घालतो कीं काय, हें त्यास कळत नाहीं. पोथींत तें चालून जाईल. कर्जाच्या खतांत नाहीं. १८७५ सालीं सुप्याच्या कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. त्यांतील बहुतेकांस त्या कागदांवर काय लिहिलें आहे हें वाचतां येत नव्हतें. आमच्या मतें त्या शतकांतील शाळांचें खरें मोल येथेंच दिसतें.

जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत. मुंबईचा छापखाना दूर. तेथें नारायण शेषाद्रि ह्यांनीं मिशनचें काम केलें व जवळच बेथेल वसविलें. त्यांजकडे आलेल्यांत पुष्कळ मांग घराणीं होतीं, ज्यांस पूर्वीं कोणी पाटी धरूं दिली नव्हती. अशा घरांतील पहिला वाचणारा मुलगा साऱ्या वाड्याचीं पत्रें वाची.

विचारासाठीं प्रश्न: आपल्या गांवांत कागद वाचून घेण्यास लोक कोणाकडे जातात? तो वाचतो, कीं नुसता अर्थ सांगतो?