जुन्या गाडीचं वायरिंग : शंका-समाधान

शंका : माझ्या जुन्या पेट्रोल जीपची चॅसी नुकतीच रंगवून घेतली. तेव्हापासून सेल्फ जेमतेम फिरतो. बॅटरी नवी घातली, तरी तेच. दोन-तीनदा सेल्फ मारला की चोकची केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. चोकचा इथे काय संबंध? – एक वाचक, कराड

समाधान : संबंध अर्थचा आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे चॅसीशी त्याचा विजेचा संबंध आपोआप येत नाही. तो जोडते अर्थची पट्टी. रंगकामात ती काढली आणि परत लावायची राहिली असेल, नाहीतर ताज्या रंगावरच बोल्ट आवळला असेल. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो. एवढ्या करंटला बॅटरीकडे परतायला वाट हवीच. पट्टीतून मिळाली नाही, तर तो चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जातो.

खात्री करून घ्या. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर अर्थ कच्चा आहे. पट्टीच्या दोन्ही टोकांखालचा रंग आणि गंज धातू चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट आवळा आणि वरून ग्रीस लावा. ग्रीस आधी लावू नका. वायरिंग नवं टाकायच्या आधीही हेच करा. बॅटरीकडे परतायची वाट कच्ची असेल, तर नव्या वायरींवरचा खर्च वाया जातो.

शंका : पद्मिनीला 100/90 वॉटचे हॅलोजन बसवले. उजेड पिवळाच पडतो आणि लाइटच्या स्विचला जळका वास येतो. मोठा फ्यूज टाकू का? – एक वाचक, नाशिक

समाधान : मुळीच नको. फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून. वायर तीच ठेवून फ्यूज वाढवलात, तर आधी वायर जळेल. हिशेब करा : 100 वॉटचे दोन बल्ब 12 व्होल्टला जवळजवळ 17 अँपिअर घेतात, आणि ते सगळे त्या जुन्या स्विचमधून जातात. व्होल्टेज वाटेतच पडतं, म्हणून उजेड पिवळा.

60/55 वॉटचे बल्ब लावा आणि हाय व लो बीमला एकेक रिले द्या. रिलेच्या 30 नंबरला बॅटरीकडून 15 अँपिअरच्या फ्यूजमधून वायर आणा. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ, तितका बरा. 87 वरून दिव्याकडे जा. दिव्याची जुनी वायर 86 ला, आणि 85 अर्थला. मग स्विचवर फक्त रिलेच्या कॉइलचा नाममात्र भार राहतो. वायर 2.5 चौरस मिलिमीटरची, गाडीसाठीचीच घ्या. घरगुती वायरीचं आवरण इंजिनची उष्णता आणि तेल सोसत नाही. दिव्यांची अर्थ वायरही तेवढीच जाड हवी.

शंका : आमच्या 1956च्या मॉरिस मायनरला मोबाइल चार्जरचं सॉकेट बसवलं आणि लगेच ठिणग्या उडाल्या. – एक वाचक, पुणे

समाधान : बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडलंय ते बघा. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असे. सॉकेटचं बाहेरचं कवच निगेटिव्ह असतं. ते बॉडीला टेकलं की थेट शॉर्ट.

सोपा उपाय म्हणजे प्लास्टिकच्या कवचाचं सॉकेट बसवा, दोन्ही वायरी स्वतंत्र आणा आणि निगेटिव्ह वायरीत फ्यूज घाला, कारण तुमच्या गाडीत तीच चालू वायर. पूर्ण बदल करायचा असेल तर बॅटरी उलटी जोडा, इग्निशन कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करा, अँमीटर असेल तर त्याच्याही. मग रेग्युलेटरवरची ‘एफ’ची वायर सोडवून बॅटरीच्या पॉझिटिव्हला दोन-तीनदा क्षणभर टेकवा, म्हणजे डायनॅमोची दिशा बदलेल. इंजिन त्यानंतरच चालू करा. आणि बॅटरीजवळ ‘निगेटिव्ह अर्थ’ अशी ठळक चिठ्ठी चिकटवा. पुढचा मेकॅनिक जुनं पुस्तक बघूनच बॅटरी जोडेल.