उसना गोलरक्षक

भोपाळ हे हॉकीचे शहर. येथल्या जुन्या वस्तीत एखाद्या वयस्क गृहस्थापाशी खेळाचा विषय काढावा, की तो थेट १९७५ सालच्या क्वालालंपूरला जाऊन पोहोचतो. विश्वचषक हॉकी स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात भारत मलेशियाविरुद्ध १-२ असा मागे होता. थोडीच मिनिटे उरली होती. अशा वेळी राखीव खेळाडूंत बसलेल्या भोपाळच्या अस्लम शेर खानला मैदानात पाठवण्यात आले आणि पेनल्टी कॉर्नरवर त्याने बरोबरीचा गोल केला. भारताने तो सामना ३-२ असा जिंकला व दोनच दिवसांनी पाकिस्तानला हरवून विश्वचषक मिळवला.

ही हकीकत मी येथे पुष्कळदा ऐकली आहे. ती ऐकताना दर वेळी एक शंका मनात येते : बाकावर बसलेला तो खेळाडू गोलरक्षक असता तर? त्याला कोणी बोलावले असते काय?

शंकेला कारण आहे. मी येथे ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील फुटबॉल संघात एक मुलगा दोन वर्षे दुसरा गोलरक्षक होता. सरावाला सर्वांच्या आधी हजर, चेंडूत हवा भरण्यापासून जाळी बांधण्यापर्यंतची कामे त्याचीच. एकदा सहज विचारले, "दोन वर्षांत सामने किती खेळलास?" तो हसून म्हणाला, "एक भी नहीं, सर." त्या हसण्याने मला या विषयाचा अभ्यास करावयास लावले. तो अभ्यास येथे थोडक्यात मांडतो.

गोलरक्षकाची अडचण

फुटबॉल संघात अकरा जागा असतात. त्यांपैकी गोलरक्षकाची एकच. आघाडीच्या किंवा मधल्या फळीतील तरुण खेळाडूला शेवटची दहा मिनिटे तरी खेळवता येते. थकलेल्याच्या जागी ताजा गडी, असा सरळ हिशेब असतो. गोलरक्षक सहसा थकत नाही. तो जखमी झाला किंवा पंचांनी त्याला बाहेर काढले, तरच दुसऱ्याचा नंबर लागतो. म्हणजे दुसऱ्या गोलरक्षकाने संधीची वाट पाहावी, ती सोबत्याच्या दुखापतीची वाट पाहिल्यासारखीच होते. चांगल्या मनाच्या मुलाला हे अवघड जाते.

सराव तर होतोच, मग अडले कोठे, असे कोणी विचारील. सरावात पुष्कळ गोष्टी साधतात. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशा चौकटीत कोठे उभे राहावे, खाली कसे झेपावे, चेंडू छातीशी कसा घ्यावा, हे शिकवता येते. १९९२ सालापासून सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू हाताने धरण्यास गोलरक्षकाला मनाई झाली. तेव्हापासून पायाचे काम वाढले. तेही सरावात बसवता येते.

परंतु तीन गोष्टी सामन्यावाचून येत नाहीत. पहिली म्हणजे गर्दीतला निर्णय. कॉर्नरचा चेंडू आठदहा जणांच्या डोक्यांवरून येत असताना पुढे जावे की रेषेवर थांबावे, हे अर्ध्या क्षणात ठरवायचे असते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. आपल्यापेक्षा वयाने मोठ्या बचावपटूंना हुकूम सोडायचे आणि त्यांनी ते ऐकायचे, हा अधिकार मागून मिळत नाही. तिसरी सर्वांत कठीण : चूक झाल्यावर पुढची मिनिटे कशी काढावयाची. आघाडीच्या गड्याची चूक मैदानात विरून जाते, गोलरक्षकाची फलकावर लिहिली जाते. सरावात गोल झाला तर सगळे हसतात. सामन्यात झाला तर कोणी हसत नाही. आणि शिक्षण तेथेच सुरू होते.

उसनवारीची पद्धत

यावर व्यावसायिक फुटबॉलने काढलेला तोडगा म्हणजे खेळाडू उसना देणे. खेळाडूचा करार मूळ क्लबशीच राहतो. ठरावीक मुदतीपुरता तो दुसऱ्या, बहुधा लहान, क्लबकडून खेळतो आणि मुदत संपली की परत येतो. आपल्या घरी पाहुणे यायचे म्हणून शेजारणीकडून मोठे पातेले आणावे, तसाच हा व्यवहार. फरक इतकाच, की पातेले वापरून झिजते. खेळाडू मात्र वापरला तरच वाढतो.

सोय म्हटली की तिचा गैरवापर आलाच. काही श्रीमंत क्लबांनी तरुण खेळाडू डझनांनी घ्यावेत आणि गावोगाव उसने देत राहावेत, असा प्रकार वाढला. त्याला आळा घालण्यासाठी फिफाने १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय उसनवारीचे नवे नियम लागू केले. त्यांनुसार एक उसनवारी एक वर्षाहून अधिक चालत नाही, उसना घेतलेला खेळाडू तिसऱ्याला देता येत नाही, आणि एका क्लबला दिलेल्या व घेतलेल्या खेळाडूंची संख्या मर्यादित असते. २०२४ च्या जुलैपासून ती प्रत्येकी सहा आहे. स्वतःच्या क्लबात घडलेले एकवीस वर्षांपर्यंतचे खेळाडू या मोजणीतून वगळले आहेत. त्यांना बाहेर खेळावयास मिळालेच पाहिजे, हे नियम करणाऱ्यांनाही मान्य आहे, असाच याचा अर्थ.

पायरीपायरीने

या पद्धतीचे उत्तम उदाहरण म्हणजे इंग्लंडचा जॉर्डन पिकफर्ड. १९९४ साली जन्मलेला हा मुलगा संडरलंड क्लबाचा. २०१२ च्या आरंभी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्याच्या सुमारास, त्याला डार्लिंग्टनकडे पाठवले. हा क्लब इंग्लंडमधील पाचव्या श्रेणीतला आणि त्या वेळी आर्थिक डबघाईला आलेला. तेथे गोल होणार हे उघडच होते. पुढे आल्फ्रेटन, तीही पाचवी श्रेणी. मग बर्टन, चौथी. कार्लाइल व ब्रॅडफर्ड, तिसरी. आणि २०१५ मध्ये प्रेस्टन, दुसरी. सहा गावे, सहा बचावफळ्या आणि एकंदर शंभरावर सामने. २०१६-१७ च्या हंगामात तो संडरलंडकडून पहिल्या श्रेणीत नियमितपणे उभा राहिला. संघ त्या वर्षी खालच्या श्रेणीत घसरला, पण गोलरक्षकाचे मोल सर्वांना कळले होते. २०१७ मध्ये एव्हर्टनने त्याच्यासाठी अडीच कोटी पौंड मोजले. पुढल्याच वर्षी विश्वचषकात त्याने कोलंबियाच्या बाकाची पेनल्टी अडवली आणि विश्वचषकातील पेनल्टींचा सामना इंग्लंडने प्रथमच जिंकला.

येथे क्रम पाहण्याजोगा आहे. त्याला एकदम वर नेले नाही, आणि एकाच पायरीवर कुजवलेही नाही. डार्लिंग्टनसारख्या दुबळ्या संघामागे उभे राहिल्याने त्याला काम भरपूर मिळाले. बलाढ्य संघाच्या गोलात तासभर चेंडूच येत नाही. तेथे एकाग्रता शिकता येईल, हात शिकणार नाहीत.

दुसरे उदाहरण अर्जेंटिनाच्या एमिलियानो मार्टिनेझचे, आणि ते इतके सरळ नाही. २०१० साली तो कोवळ्या वयात लंडनच्या आर्सेनल क्लबात आला. ऑक्सफर्ड, शेफील्ड वेन्सडे, रॉदरहॅम, वुल्व्हज, स्पेनमधील गेटाफे, रेडिंग अशी त्याची भ्रमंती झाली. गेटाफेला तर घरापासून दूर जाऊनही बहुतेक वेळ बाकावरच बसावे लागले. उसनवारी हा रामबाण उपाय नाही, हे यावरून ध्यानात यावे : बाक बदलला म्हणजे नशीब बदलते असे नव्हे. २०२० च्या जूनमध्ये पहिला गोलरक्षक जखमी झाला आणि सत्तावीस वर्षांचा मार्टिनेझ आर्सेनलच्या गोलात उभा राहिला. सहा आठवड्यांत संघाने एफ. ए. चषक जिंकला. २०२२ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेच्या अगदी अखेरीस, कोलो मुआनीचा फटका त्याने पायाने अडवला. पुढे पेनल्टींमध्ये अर्जेंटिना जिंकली. दहा वर्षे ज्याने वाट पाहिली, त्याला त्या घटकेला घाई झाली नाही.

तिसरा बेल्जियमचा तिबो कुर्त्वा. २०११ मध्ये चेल्सीने त्याला विकत घेतले आणि लगेच माद्रिदच्या अ‍ॅटलेटिकोकडे उसना दिला. तेथे तीन हंगाम तो पहिलाच गोलरक्षक होता. २०१४ च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत हेच दोन क्लब समोरासमोर आले. मालकाविरुद्ध खेळू द्यावयाचे तर अ‍ॅटलेटिकोने मोठी रक्कम द्यावी, असे करारात होते. युरोपच्या फुटबॉल संघटनेने ती अट आपल्या स्पर्धेत चालणार नाही असे बजावले. कुर्त्वा खेळला आणि अ‍ॅटलेटिको लंडनमध्ये ३-१ असा जिंकला. शेजाऱ्याला दिलेल्या पातेल्यात आपल्याच पराभवाची खीर शिजली! पण चेल्सीचे नुकसान झाले असे म्हणता येत नाही. परत आला तो तयार गोलरक्षक, आणि पुढल्याच हंगामात चेल्सी इंग्लंडचा विजेता ठरला.

आपल्या देशात

आपल्याकडे ही पद्धत फोफावली ती एका विचित्र कारणाने. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. ती वर्षाच्या अखेरीस दोनतीन महिने चाले, आणि आय-लीग जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत. त्यामुळे एकच खेळाडू हिवाळ्यात एका क्लबात व उन्हाळ्यात दुसऱ्यात दिसू लागला. २०१७-१८ पासून दोन्ही स्पर्धा एकाच काळात होऊ लागल्या आणि ही दुहेरी नोकरी संपली.

त्या काळातील अमरिंदर सिंगची कथा या अंकाच्या मराठी व कन्नड अशा दोन्ही विभागांच्या वाचकांना सारखीच जवळची वाटेल. पंजाबातील माहिलपूरचा, मुळात आघाडीला खेळणारा हा मुलगा पुण्याच्या अकादमीत गोलरक्षक म्हणून घडला. २०१६ मध्ये तो बेंगळुरू एफसीकडे होता. तो संघ एएफसी चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. मात्र ५ नोव्हेंबरला दोहा येथे झालेल्या त्या सामन्यात निलंबनामुळे अमरिंदरला खेळता आले नाही आणि संघ ०-१ असा हरला. याहून कडू घोट कोणता? पण लगेच तो मुंबई सिटीकडे उसना आला, उरलेल्या मोजक्या सामन्यांत उभा राहिला आणि स्पर्धेतील उत्कृष्ट गोलरक्षकाचा 'गोल्डन ग्लोव्ह' घेऊन गेला. पुढे तो मुंबईचाच झाला आणि २०२०-२१ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली संघाने साखळीतील अव्वल स्थान व अजिंक्यपद दोन्ही मिळवले.

गोव्याचा अल्बिनो गोम्स २०१६-१७ मध्ये मुंबईकडून मिझोरामच्या ऐझॉलकडे उसना गेला, आणि त्या लहानशा डोंगरी शहराच्या संघाने त्याच वर्षी आय-लीग जिंकली. बेंगळुरूचा गुरप्रीत सिंग संधू हा ईस्ट बंगालमध्ये असताना २०१०-११ साली राष्ट्रीय महासंघाच्या तरुण संघाकडे दिला गेला होता. पुढे तो नॉर्वेत खेळला व युरोपा लीगमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला.

काही पथ्ये

या साऱ्यांवरून काही पथ्ये निघतात. सामने मिळतील याची खात्री असेल तरच उसने द्यावे. पहिली पायरी खालची असावी, पण दुसरी तिच्याहून वरची. मूळ संघाच्या शिक्षकाने मुलाची खबर घेत राहावे. दिलेले भांडे विसरणारा मालक बरा नव्हे. आणि मुलाला स्पष्ट सांगावे, की तुला घालवत नाही, घडावयास पाठवतो. नव्या गावी नवी भाषा, नवे सोबती आणि एकटी खोली असते. मनात ही शंका राहिली तर हात थरथरतात.

भोपाळच्या त्या मुलाला आम्ही हेच सांगितले. येथल्याच एका मोहल्ल्याच्या संघाला गोलरक्षक नव्हता; एका हंगामापुरता तो त्यांना दिला. पहिल्या सामन्यात त्याच्यावर पाच गोल झाले. दुसऱ्या दिवशी तो मला टाळत होता. मी एवढेच विचारले, "कोणता गोल तुझा?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "दोन माझे. तीन नाहीत." हा हिशेब त्याला दोन वर्षांच्या सरावात कधी करता आला नव्हता.

हंगामअखेर तो परत आला तेव्हा आमचा पहिला गोलरक्षक पदवी घेऊन गेला होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्याच सामन्यात कॉर्नर आला. जो मुलगा एरवी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत देई, तो "मेरी है!" असे ओरडत चौघांच्या डोक्यांवरून चेंडू घेऊन खाली आला. आपल्या भाषेत 'उसने अवसान' हा शब्द थोड्या हिणवण्याच्या सुरात वापरतात. त्या दिवशी मला वाटले, जागा उसनी असली तरी तेथे कमावलेले अवसान उसने नसते.

तुमच्याही महाविद्यालयाच्या बाकावर असा एखादा मुलगा बसला असेल. त्याला कोणाकडे तरी उसना द्या.