घटक ४ : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर प्रकल्प – प्रारंभ आणि सातत्य

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला मुक्तस्रोत प्रकल्पाचा प्रारंभ कसा होतो हे उदाहरणासह सांगता येईल, परवान्याचे महत्त्व स्पष्ट करता येईल आणि प्रकल्प टिकवून धरणाऱ्यांच्या श्रमांचे स्वरूप विशद करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, फायरफॉक्स किंवा लिब्रेऑफिस यांमध्ये तुम्ही एखादा मराठी शब्द टंकलिखित करता, तेव्हा काने, मात्रा, रफार आणि जोडाक्षरे यांची जुळणी पडद्यामागे ‘हार्फबझ’ नावाचे एक सॉफ्टवेअर करीत असते. अँड्रॉइड फोनमध्येही तेच असते. त्याची मूळ संहिता, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि इतरांना देता येते. अशा सॉफ्टवेअरला ‘मुक्तस्रोत’ म्हणतात. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ ‘फुकट’ असा घेऊ नये. पैसे न आकारणारी, परंतु संहिता बंदिस्त ठेवणारी सॉफ्टवेअर पुष्कळ आहेत; ती मुक्तस्रोत नव्हेत.

असे सॉफ्टवेअर जन्माला कसे येते, हा या घटकातील पहिला प्रश्न. ते टिकते कसे, हा दुसरा. पहिल्याची चर्चा सर्वत्र होते. दुसरा बहुधा दुर्लक्षित राहतो. म्हणून येथे दुसऱ्याला अधिक जागा दिली आहे.

४.२ प्रारंभ : लिनक्सचे उदाहरण

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी एक छोटे निवेदन प्रसिद्ध केले. आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत आहोत, हा केवळ छंद आहे, ती फार मोठी होणार नाही, असा त्याचा आशय होता. त्याने आपल्या कामाची थोरवी गायली नाही. उलट ‘मिनिक्स’ ही प्रणाली वापरणाऱ्यांना त्यात काय आवडते आणि काय खटकते, असा प्रश्न विचारला.

या प्रश्नामागची परिस्थिती लक्षात घ्यावयास हवी. मिनिक्स ही ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाउम यांनी अध्यापनासाठी रचलेली प्रणाली होती. विद्यार्थ्याला ती समग्र समजावी म्हणून ती लहान ठेवण्याचा त्यांचा कटाक्ष होता. त्यामुळे वापरणाऱ्यांनी सुचविलेल्या अनेक सुधारणा तिच्यात समाविष्ट होत नसत. प्राध्यापकांची भूमिका त्यांच्या हेतूशी सुसंगतच होती. मात्र अनेकांची गरज अपुरी राहिली होती. टोरवाल्ड्सचे निवेदन नेमके या लोकांपर्यंत पोचले.

सप्टेंबर १९९१ मध्ये त्याने ०.०१ ही आवृत्ती खुली केली. ती अत्यंत अपुरी होती. १.० ही आवृत्ती येण्यास मार्च १९९४ उजाडला. मधल्या काळात दुरुस्त्या पाठविणाऱ्यांची संख्या वाढत गेली. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. सुरुवातीचे काम पूर्ण असण्याची आवश्यकता नसते, पण ते दुसऱ्याच्या यंत्रावर चालावयास हवे आणि त्यात भर घालण्यास जागा हवी. नुसत्या कल्पनेभोवती माणसे क्वचितच जमतात.

४.३ परवाना

मराठी साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे एक गंमत वाटेल. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’ या संज्ञेत संगणक-प्रोग्रामचाही समावेश होतो. कादंबरी आणि प्रोग्राम कायद्याच्या दृष्टीने एकाच रांगेत बसतात! याचा व्यवहारातील परिणाम मात्र गंभीर आहे. लेखन होताच त्यावर लेखकाचा हक्क निर्माण होतो. त्यामुळे संहिता सर्वांसमोर ठेवली, तरी वापराची व बदलाची लेखी परवानगी दिली नसेल तर ती मुक्तस्रोत ठरत नाही. ही लेखी परवानगी म्हणजे परवाना.

लिनक्सच्या पहिल्या परवान्यात त्यासाठी पैसे घेण्यास मनाई होती. हेतू उदात्त होता, पण अडचण लगेच उभी राहिली. फ्लॉपीवर प्रती करून वाटणाऱ्यांना फ्लॉपीचा खर्चही वसूल करता येईना. अखेर १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने रिचर्ड स्टॉलमन यांच्या ‘जनू’ प्रकल्पातून आलेला जीपीएल हा परवाना स्वीकारला. या परवान्यानुसार पैसे घेण्यास हरकत नाही. मात्र सुधारित आवृत्ती वितरित करणाऱ्याने तिची संहिताही त्याच अटींवर खुली ठेवली पाहिजे. एमआयटी या परवान्यात ही अट नाही. तेथे संहिता घेऊन बंदिस्त उत्पादन तयार करता येते. कोणता परवाना श्रेष्ठ, हा वाद जुना आहे. प्रकल्पकर्त्याने आपल्याला काय अभिप्रेत आहे ते प्रारंभीच ठरवावे, कारण अनेकांचे लेखन एकत्र आल्यावर परवाना बदलण्यासाठी त्या सर्वांची संमती मिळविणे जवळजवळ अशक्य होते.

४.४ सातत्य : सांभाळकर्त्याचे श्रम

प्रकल्पाची देखरेख करणाऱ्याला या क्षेत्रात ‘मेंटेनर’ म्हणतात. आपण ‘सांभाळकर्ता’ असा शब्द वापरू. आलेल्या दुरुस्त्या वाचणे, चुकीच्या असतील तर सौजन्याने परत पाठविणे, तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणाऱ्यांना उत्तरे देणे आणि नवी आवृत्ती काढणे ही त्याची कामे होत. नवे लिहिण्याचा आनंद त्यांत थोडा आणि वाचनाचा शीण अधिक. घरातल्या रोजच्या कामासारखे हे काम थांबल्याशिवाय दिसत नाही.

‘ओपनएसएसएल’ हे सॉफ्टवेअर जगातील असंख्य संकेतस्थळांवरील गोपनीय व्यवहारांचे रक्षण करते. एप्रिल २०१४ मध्ये त्यात ‘हार्टब्लीड’ नावाचा गंभीर दोष आढळला, तेव्हा लोकांना कळले की या प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणाऱ्या देणग्या सुमारे २,००० डॉलर एवढ्याच होत्या. त्यानंतर मोठ्या कंपन्यांनी निधी उभारला.

दहा वर्षांनंतरची घटना अधिक बोलकी आहे. ‘एक्सझेड’ हे फायलींचा आकार आक्रसून ठेवणारे छोटे सॉफ्टवेअर बहुतेक लिनक्स प्रणालींमध्ये असते. त्याची देखरेख एकच व्यक्ती, मोबदल्याविना, वर्षानुवर्षे करीत होती. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तिच्यामागे तगादा लावला : काम संथ आहे, दुसऱ्या कोणाला अधिकार द्या. सांभाळकर्त्याने आपल्या अडचणी सांगितल्या आणि हा बिनमोबदल्याचा छंद आहे, याची आठवण करून दिली. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने एक साहाय्यक उपयुक्त दुरुस्त्या नेमाने पाठवीत होता. थकलेल्या माणसाला मदतीचा हात मिळाला. हळूहळू त्या साहाय्यकाकडे नव्या आवृत्त्या काढण्याचे अधिकार आले आणि २०२४ च्या आरंभी त्याने सॉफ्टवेअरमध्ये एक चोरवाट पेरली. तिच्यातून दूरच्या संगणकांचा ताबा घेता आला असता.

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे जाणवले. त्याने कारणाचा पाठपुरावा केला आणि २९ मार्च रोजी चोरवाट उघड केली. संहिता खुली होती म्हणून शोध घेता आला, हे खरे. तथापि संहिता खुली असूनही ती बारकाईने वाचणारे फारसे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. या प्रकरणात सांभाळकर्त्याला दोष देणे आमच्या मते अन्यायाचे होईल. त्याच्या श्रमांवर विसंबलेल्या बड्या संस्थांपैकी कोणीतरी त्याचा भार वेळीच उचलावयास हवा होता.

४.५ सूत्रे सोपविणे

टोरवाल्ड्सनेच एप्रिल २००५ मध्ये संहितेतील बदलांची नोंद ठेवणारे ‘गिट’ लिहावयास घेतले आणि जुलैमध्ये, म्हणजे चार महिन्यांच्या आत, त्याची सूत्रे जुनिओ हामानो यांच्याकडे दिली. गिट पुढे जगभर पसरले ते हामानो यांच्या देखरेखीखाली. पायथन या भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी मात्र सुमारे तीन दशके अंतिम निर्णय स्वतःकडे ठेवला. एका वादग्रस्त बदलावरून झालेल्या मनस्तापानंतर जुलै २०१८ मध्ये ते बाजूला झाले आणि उत्तराधिकारी नेमण्याचे त्यांनी नाकारले. निर्णय कोणी व कसे घ्यावेत हे ठरविण्यात पायथनच्या कार्यकर्त्यांचे कित्येक महिने गेले. २०१९ च्या आरंभी पाच जणांचे निर्वाचित मंडळ अस्तित्वात आले.

४.६ भाषेच्या अभ्यासकाचा सहभाग

प्रोग्राम लिहिता येत नाही म्हणून आपला येथे काय उपयोग, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे शब्द पाहा. पहिल्याचा अर्थ समुद्र, दुसरा ‘दरी’चे अनेकवचन. एखाद्या फाँटमध्ये दोन्ही रफारानेच दिसू लागले, तर परदेशातील फाँटकर्त्याला त्यात काही वावगे वाटणार नाही. केवळ हिंदी जाणणाऱ्यालाही वाटणार नाही. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांच्या वळणांचेही तसेच आहे. हे दोष मराठी वाचकालाच दिसतात आणि त्यानेच ते कळवावयास हवेत. कोणती अक्षरे टंकलिखित केली, काय दिसले, काय दिसावयास हवे होते, कोणत्या सॉफ्टवेअरची कोणती आवृत्ती होती, एवढे लिहून पडद्याचे चित्र जोडले, की सांभाळकर्त्याचा निम्मा वेळ वाचतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढेच कळविले तर त्याचा वेळ वाढतो.

अनुवादातही अशीच निगा लागते. एका ठिकाणी ‘जतन करा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘साठवा’ असे असेल, तर वापरणारा गोंधळतो. म्हणून नवा शब्द घडविण्यापूर्वी आधीच्या अनुवादकांनी कोणता शब्द योजला आहे ते पाहावे. तो बदलावासा वाटला तर कारण देऊन सर्वत्र बदलावा.

४.७ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. मिनिक्सच्या मर्यादा आणि लिनक्सचा प्रारंभ यांतील संबंध स्पष्ट करा.
२. लिनक्सचा परवाना १९९२ मध्ये का बदलावा लागला?
३. ‘एक्सझेड’ प्रकरणात विश्वास संपादन करण्याची प्रक्रिया कशी घडली, ते तुमच्या शब्दांत लिहा.

उपक्रम : तुमच्या परिसरातील वाचनालय, भजनी मंडळ किंवा बचत गट यांपैकी एखादी संस्था निवडा. तिचा कारभार कोण सांभाळते, त्या व्यक्तीनंतर तो कोण पाहणार, हे तेथील माणसांना विचारा आणि मिळालेली माहिती ४.५ मधील उदाहरणांशी ताडून दोन पृष्ठांचे टिपण तयार करा.