बागेतील अवजारे व यंत्रे : निगा आणि दुरुस्ती

बंगळूरची छावणी १८०९ साली स्थापन झाली. शिवाजीनगर हा त्या छावणीच्या जुन्या वस्तीचा एक भाग होय. येथे १९२७ साली बांधलेला रसेल मार्केट आहे आणि १८७० साली आखलेले कब्बन उद्यानही येथून दूर नाही. शिवाजीनगरच्या गल्ल्यांतून वाहनांचे जुने सुटे भाग विकणारी दुकाने आहेत. तेथे हवा तो भाग स्वस्तात मिळू शकतो. म्हणून बंद पडलेल्या यंत्राचा एखादा भाग बदलून पाहण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु दुरुस्तीचा पहिला नियम असा की, आधी कारण शोधावे, मग भाग बदलावा.

गंज

लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायू ही दोन्ही लागतात. एक खिळा कोरड्या हवेत, दुसरा उकळून गार केलेल्या व वर तेलाचा थर दिलेल्या पाण्यात आणि तिसरा साध्या पाण्यात ठेवावा. काही दिवसांनी तिसराच ठळकपणे गंजलेला दिसेल. यावरून खुरपे, फावडे व छाटणीची कात्री यांची निगा कशी राखावी, हे कळते. काम संपताच माती काढावी, पाते कोरडे करावे आणि त्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा. लाकडी दांड्यास जवसाचे तेल लावावे. बंगळूरला नैर्ऋत्य मोसमी पाऊस मिळतो, तसाच ऑक्टोबरात परतीचाही; म्हणून तेथे ही दक्षता दीर्घकाळ घ्यावी लागते.

धार

मूळचा उतार कायम राखून कानस एकाच दिशेने चालवावी. गवत कापण्याच्या यंत्राचे फिरते पाते दोन्ही टोकांस सारखेच घासावे. मग मधल्या छिद्रातून ते खिळ्यावर अडकवावे. जे टोक खाली झुकेल ते जड समजून थोडे अधिक घासावे. मिनिटाला सुमारे ३,००० फेरे घेणारे असमतोल पाते दांडा व बेअरिंग यांना सतत हादरे देते.

इंजिन

पेट्रोल-इंजिनास तीन गोष्टी लागतात : इंधन व हवा यांचे योग्य मिश्रण, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरातील पुरेसा दाब. तपासणीही याच क्रमाने करावी.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. पाणी फार झाले की ते पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. यंत्र महिनाभर वापरावयाचे नसेल, तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. दोन-धावी इंजिनात वंगण-तेल उत्पादकाने सांगितलेल्याच प्रमाणात मिसळावे. ५० भागांस १ भाग असे प्रमाण असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर तेल लागेल.

सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहरात हवा समुद्रकिनाऱ्यापेक्षा जवळजवळ एक-दशांश विरळ असते. तेथे हवेची गाळणी धुळीने बुजली, तर इंजिनाची शक्ती आणखी घटते.

स्पार्क प्लग बदलताना केवळ आटे जुळतात, एवढ्यावर समाधान मानू नये. आट्यांची लांबी अधिक असल्यास प्लगचे टोक दट्ट्यावर आदळून इंजिन निकामी होऊ शकते. दोर ओढताना काहीच अवरोध जाणवला नाही, तर दाब गळत आहे असे समजावे व यंत्र जाणत्या कारागिराकडे न्यावे.

सावधगिरी

पात्यास हात लावण्यापूर्वी स्पार्क प्लगची तार काढून बाजूस ठेवावी. बंद इंजिनाचे पाते हाताने फिरवले असताही ठिणगी पडून ते सुरू होऊ शकते आणि बोटे जाण्यास तो एक क्षण पुरतो. विद्युत्-यंत्राची जोडणी आधी भिंतीवरून काढावी.

प्रश्न

१. तेलाचा थर लोखंडास गंजापासून कसा वाचवतो?
२. पाते असमतोल असल्यास यंत्राच्या कोणत्या भागांची झीज होते?
३. गाळणी स्वच्छ करण्याचे महत्त्व उंचावरील गावी अधिक का असते?